पारसनीस : एका हुद्द्याचे आडनाव

आडनावांच्या या मालिकेत आज माझेच आडनाव घेते आहे. पुण्यात नव्या माणसाला ते सांगितले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘म्हणजे तुम्ही पारशी का?’ दुसरा, थोड्या वाचणाऱ्या माणसाकडून, ‘इतिहासकार पारसनीस तुमचे कोण?’ दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण या दोन नकारांच्या मागे मराठी राज्यांच्या कारभाराचा बराच इतिहास आहे, म्हणून हा प्रपंच.

अर्थापासून आरंभ करू. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फारसीला जुन्या मराठीत ‘पारसी’ असेही म्हणत. पारसी लिहिणारा तो पारसीनवीस, आणि मराठी जिभेवर घासून घासून झालेला पारसनीस. दरबारात आलेली फारसी पत्रे वाचून दाखवणे, त्यांचा आशय मराठीत सांगणे आणि उत्तराचा मसुदा फारसीत तयार करणे हे त्याचे काम. पारशी समाजाशी या शब्दाचा संबंध एवढाच की दोघांच्याही नावात इराणातला तो एक प्रांत, पार्स, दडलेला आहे.

हा ‘नीस’ मराठीत एकटा आला नाही, त्याचे मोठे कुटुंब आहे. जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, पागेचा तो पागनीस, घडलेल्या वाकियांची नोंद करणारा वाकनीस. फडणिसाचे मूळ ‘फर्दनवीस’ असे सांगतात. फर्द म्हणजे सुटा कागद किंवा यादी. मराठी कानाला मात्र त्यात आपला ‘फड’ ऐकू आला आणि शब्द त्या बाजूला झुकला. चिटणीस तर अर्धा देशी आहे: चिठ्ठीचपाटीतली चिट आपली आणि मागचा नीस परका. परकी शेपटी मराठीने इतकी आपली केली की देशी शब्दांनाही ती बिनदिक्कत लावली. लेखनाचे सारे साहित्यच त्या वाटेने आले आहे. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, नक्कल, तारीख हे सगळे पाहुणे. मोडी कागदावरच्या तिथीशेजारी सुहूर सनाचा अरबी आकडा भेटतो तेव्हा नवशिक्या विद्यार्थ्याची जी गाळण उडते तिचे कारणही हेच.

आता खरा प्रश्न. कुलकर्णी इतके आणि पारसनीस इतके थोडे का?

याचे उत्तर रक्तात किंवा पराक्रमात शोधण्याचे कारण नाही; ते जागांच्या मोजदादीत आहे. कुलकर्णी गावागणिक हवा, पाटील गावागणिक हवा. देशपांडे आणि देशमुख परगण्याला हवेत. गावे हजारो, परगणे शेकडो. फारसी पत्र मात्र गावाला येत नसे. ते येई छत्रपतींना, पेशव्यांना, एखाद्या मोठ्या सरदाराला. म्हणजे ज्याचा दिल्लीशी, हैदराबादशी किंवा कंपनी सरकारशी थेट पत्रव्यवहार होता त्यालाच पारसनीस लागे, आणि एका दरबाराला असे किती लागणार? आडनाव दुर्मीळ आहे, कारण मुळात बैठकाच मोजक्या होत्या. ‘आमचे आडनाव दुर्मीळ, म्हणून घराणे थोर’ या समजुतीला यात फारसा आधार मिळत नाही.

गंमत म्हणजे हेच गणित इंग्लंडातही लागू पडते. तेथे ‘लॅटिमर’ नावाचे एक आडनाव आहे. १५५५ मध्ये ऑक्सफर्डला जिवंत जाळलेला बिशप ह्यू लॅटिमर हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध धनी. मूळ शब्द लॅटिन जाणणारा, म्हणजे लेखक किंवा दुभाषी, या अर्थाचा. तेथील स्मिथ गावोगाव सापडतात, कारण लोहार गावोगाव लागतो. लॅटिमर थोडे, कारण लॅटिन वाचणारा दुभाषी गावोगाव लागत नाही. लॅटिमर हा इंग्रजांचा पारसनीसच.

हुद्द्याच्या आडनावाचा दुसरा गुण, किंवा खोड म्हणा, अशी की ते नाते सांगत नाही. ‘कर’ लावलेले आडनाव निदान एका गावाकडे बोट दाखवते. ‘नीस’ लावलेले आडनाव कामाकडे बोट दाखवते, आणि काम कोणीही करू शकतो. नाना फडणीस जन्माने भानू. घराणे कोकणातल्या वेळासचे, चित्पावन. आजोबांपासून फडणिशी घरात चालत आली आणि भानू मागे पडले. देवेंद्र फडणवीस यांचे घराणे विदर्भातले, देशस्थ. दोघांमध्ये समान गोष्ट एकच, की कोणा एका काळी कोणा एका दरबारात पूर्वज यादी लिहीत होता. रूपांकडेही लक्ष द्यावे. पश्चिम महाराष्ट्रात ‘फडणीस’ आणि ‘चिटणीस’ ही झिजलेली रूपे कानावर पडतात. नागपुरात ‘फडणवीस’ आणि ‘चिटणवीस’ ही भरीव रूपे टिकली आहेत. नियम म्हणून हे सांगता येत नाही. पण साताऱ्याचे चिटणीस म्हणजे बाळाजी आवजींचे घराणे आणि नागपूरचे सर गंगाधरराव चिटणवीस ही दोन नावे शेजारी ठेवली की भोसल्यांच्या दोन गाद्यांनी एकच शब्द कसा दोन प्रकारे जपला ते दिसते. अशा आडनावांचा नकाशा काढायचा तर त्यावर गावे मांडून उपयोग नाही, गाद्या मांडाव्या लागतील: सातारा, पुणे, कोल्हापूर, नागपूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर.

जातीचा धागाही येथे गुंतलेला आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था नोंदवली आहे. हवालदार आणि सरनौबत मराठे, हजेरी-हिशेबाचा सबनीस ब्राह्मण, कोठाराचा कारखानीस प्रभू. किल्ला एकाच जातीच्या हाती जाऊ नये, एकाने दुसऱ्यावर डोळा ठेवावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून ही आडनावे ढोबळमानाने विशिष्ट जातींत सापडतात, पण ढोबळमानानेच. सबनीस चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही आहेत. आडनावावरून जात आणि जातीवरून पूर्वजांचा पराक्रम ठरवणाऱ्या उत्साही मंडळींनी येथे जरा थांबावे, एवढीच विनंती.

आता या कथेतला विरोधाभास. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दहा वर्गांत सुमारे १४०० शब्द, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारे. १६७४ मध्ये मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. संस्कृत नावे पदांना मिळाली आणि पंतअमात्य, पंतसचिव अशी सन्मानाने मिरवली. फारसी नावे मात्र घराघरांत आडनावे होऊन राहिली. मुजुमदार आणि डबीर आजही भेटतात. शब्दांना राजाज्ञेने दरबारातून निरोप देता येतो, माजघरातून तो देणे कठीण.

आणि फारसीचे काम तरी कुठे संपले होते? अठराव्या शतकात मराठ्यांचा वावर उत्तरेत वाढला तसे ते वाढलेच. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले ते वकील-इ-मुतलक या पदाची बादशाही फर्माने घेऊन. मुळामुठेच्या काठी दरबार भरला आणि फर्माने वाचली गेली. अंध शाह आलमची सत्ता तोवर नावापुरती उरली होती, तरी सन्मान फारसीतच यावा लागला. पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट हाही त्याच व्यवहारभाषेच्या जगात वावरत होता. लोक नाना-महादजींची चढाओढ रंगवून सांगतात. त्या दरबारात कागद हातात धरून उभ्या असलेल्या वाचकाकडे कोणी पाहत नाही. माझी नजर तेथे जाते, याला आडनावाखेरीज दुसरे कारण नसावे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८३७ मध्ये कंपनीने कायदा करून कारभारातली फारसीची सक्ती काढून टाकली. आडनावातले काम तेथे संपले, आडनाव मात्र पक्के झाले. पेशवाईतल्या कागदांत माणूस बहुधा स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने ओळखला जातो. नानाही बाळाजी जनार्दन. पुढे शाळेचा पट, कचेरीतली नेमणूक, १८५२ नंतरची इनामांची चौकशी अशा प्रत्येक ठिकाणी एक ठरीव नाव लागू लागले. घराण्याचा हक्क जुन्या हुद्द्यावर उभा असेल तर तो हुद्दाच नावात ठेवणे शहाणपणाचे होते. हा माझा तर्क आहे. पण पुराव्यासाठी धावणारी घराणी त्या काळाच्या कागदांत पावलोपावली भेटतात.

हे सारे मी लिहायला बसले त्याला निमित्त घरचे. आमचे एक काका घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत आणि ‘मूळ आणि विस्तार’ हे प्रकरण त्यांनी माझ्याकडे सोपवले. त्यांची इच्छा उघड होती. आपला मूळपुरुष शनिवारवाड्यात होता, असे एक वाक्य त्यांना हवे होते. आमच्या घरात तशी आठवण सांगतात. कागद एकही नाही. वंशावळ पाच पिढ्या मागे जाते आणि थांबते. मी लिहिले की हुद्दा ज्ञात आहे, दरबार ज्ञात नाही. काका चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, इतिहास शिकवला तो घराण्याला लहान करायला का?” मी म्हटले, “काका, तुम्हीच पान वाचून सांगा, त्यात लहान काय झालं?”

वंशावळीच्या त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट खुपली. मुलींच्या नावापुढे रेघ नाही. लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले, आणि त्या तक्त्याबाहेर गेल्या. सुना आल्या त्यांचे माहेर काही ठिकाणी एका शब्दात, काही ठिकाणी तेही नाही. आडनावाचा विस्तार म्हणून आपण जो काढतो तो निम्म्या माणसांचाच विस्तार असतो. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे आमची शाखा छापील तक्त्यात माझ्यापाशी थांबते. मी काकांकडे आग्रह धरला आणि आता आत्यांची मुले त्यात येत आहेत, त्यांच्या त्यांच्या आडनावांसह.

राहिला दुसरा प्रश्न, इतिहासकारांचा. दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांच्याशी आमचे नाते नाही. पण त्यांनी जे केले त्याचे ऋण या आडनावाबाहेरच्याही प्रत्येक विद्यार्थ्यावर आहे. विशीत असताना त्यांनी झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले, ते १८९४ मध्ये निघाले. ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले. मेणवलीच्या वाड्यातले नाना फडणिसांचे कागद त्यांच्या हाती आले. एका फडणिसाचे दफ्तर एका पारसनिसाने वाचवले, हे लिहिताना मला अजून हसू येते. साताऱ्याच्या संग्रहालयातला त्यांचा हा ठेवा १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात आला आणि येरवड्याच्या त्या आवारात आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे.

फारसी मात्र आडनावाने येत नाही. पुण्यात ती जिवंत ठेवली ती निराळ्याच आडनावांच्या माणसांनी. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडामागून खंड सिद्ध केले. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धनांनी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. तो कोश माझ्या मेजावर रोज उघडा असतो. दोन वर्षे मी फारसी शिकते आहे. छापील मजकूर आता वाचता येतो. हस्तलिखितातली शिकस्ता ही घाईची लिपी, जिच्यात नुक्ते गाळलेले असतात आणि अक्षरे एकमेकांत घुसलेली, ती एका ओळीला अर्धा तास घेते. आमच्या घराण्यात गेल्या पाच पिढ्यांत फारसी कोणालाही येत नव्हती.

कुलवृत्तांताच्या मुखपृष्ठासाठी काकांनी आडनाव फारसी लिपीत लिहून मागितले. मी बोरू घेऊन बसले आणि अडले, कारण फारसीत ‘पारसनीस’ असा शब्द नाही; तो झिजलेला, मराठी आहे. मी मुळाप्रमाणे ‘पारसीनवीस’ लिहून दिले. काकांनी चष्मा लावून अक्षरे मोजली. “यात एक अक्षर जास्त दिसतंय,” ते म्हणाले. तो ‘वाव’ होता, साताऱ्या-पुण्याकडे झिजून गेलेला. कोणता तो मी दाखवला. त्यांनी तो तसाच ठेवायला सांगितला.