वायसरवरची रेघ

पंप बांधून बसवला, टायमिंग जुळवलं, नोझल तपासून आणले, आणि गाडी उचलेना. जुनी गाडी, मायकोचा पंप. (कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं, आमच्या तोंडातून मायको काही जात नाही.) जानेवारीची रात्र, पेठ नाक्याजवळ हायवेला माझं गॅरेज. ट्रकमध्ये कोल्हापूरचा गूळ, जायचं गुजरातला. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी येऊन नुसता उभा राहायचा. काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हवा धरली होती, यात शंका नव्हती. हँड पंप मारला, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, आधी फेस, मग स्वच्छ धार. सेल्फ मारला. अर्धा मिनिट गाडी चालली आणि बंद पडली. स्क्रू उघडला तर पुन्हा फेस. असं चार वेळा झालं. नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. पाइपात बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर त्याला दाबण्यातच जातो. हे कळत होतं. हवा शिरते कुठून, ते कळत नव्हतं.

फीड पंपाच्या पुढे काही सैल राहिलं तर डिझेल बाहेर येतं, बोट ओलं होतं, दुखणं सापडतं. मागच्या बाजूला, टाकीकडे, सगळं उलट. तिथे ओढ असते. थेंब गळत नाही, हवा आत जाते आणि जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो. 35 वर्षं मी या कोरड्या जॉइंटांशी भांडतोय. त्या रात्री टाकीतली नळी बघितली, जाळी बघितली, रबरी पाइप बदलला. फीड पंपाच्या तोंडाचा बँजो बोल्ट तेवढा उघडला नाही, कारण तो मी स्वतः आवळला होता. तांब्याचे वायसर जुनेच घातले होते, पण नख फिरवून. रेघ असेल तर नखाला लागते. मग वायसर लाल तापवून पाण्यात टाकायचा, मऊ करून घासायचा. माझं नख चुकत नाही असं लोक म्हणायचे आणि ते मला आवडायचं. चालू गाडीचा नोझलचा पाइप चिमटीत धरून कुठला सिलिंडर मरतोय ते सांगायचो, तेव्हा बघायला माणसं थांबायची. मी मुद्दाम सावकाश सांगायचो.

आता हायवेला गाडी अडली की कुणी इनटेकमध्ये स्प्रे मारतो, कुणी टोचन लावतो, कुणी एक बोल्ट न खोलता पंप गेला म्हणून सांगतो. मला याचा संताप येतो. बीएस-6 गाड्यांत तर चालू इंजिनाच्या पाइपाला हात लावायचाच नाही. दाब हजार बारच्या वर, धार कातडी फोडून आत जाते. स्कॅनर सांगतो, रेलचा दाब कमी. हवा ओढतेय, फिल्टर तुंबलाय की नोझल मागे सोडतोय, ते माणसानंच शोधायचं.

आयटीआय करून आलेला पोरगा दोन तास बॅटरी धरून उभा होता. “मामा, पारदर्शक नळी लावून बघू का?” दोनदा मी नको म्हणालो. तिसऱ्यांदा ड्रायव्हरकडे बघितलं आणि गप्प बसलो. त्यानं फीड पंपाच्या मागे नळी लावली. डिझेल स्वच्छ. पुढे लावली. बुडबुड्यांची माळ. मध्ये माझाच जॉइंट उरला. पोरानं तो खोलला नाही, पाना माझ्या हातात दिला.

वायसरवर आडवी रेघ होती, बॅटरीच्या उजेडात हातभर अंतरावरून दिसणारी. नवे घातले, हवा काढली, गाडी पहिल्या सेल्फला उचलली. उजाडायच्या आत गूळ कराडकडे निघाला.

आता गॅरेजमधले वायसर तो पोरगाच तपासतो. त्या रात्रीचा तो एक वायसर मी काडेपेटीत ठेवलाय. सकाळी, हात डिझेलात जायच्या आधी, त्यावर नख फिरवतो. डोळ्यांना रेघ दिसते. नखाला लागत नाही.