चेंडू नसलेला खेळगडी

शाळेत मी मराठी शिकवीत असे. परंतु फुटबॉलचा संघ कोणाच्या तरी गळ्यात पडावयाचाच, तो काही वर्षे माझ्या गळ्यात पडला. लहानपणी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पुष्कळ सामने पाहिले होते, एवढेच माझे भांडवल. आणि पाहण्याची रीतही एकच : चेंडू जिकडे, तिकडे माझी नजर.

एका सामन्यात आम्हांला कॉर्नर मिळाला. प्रतिपक्षाच्या गड्याला लागून चेंडू त्यांच्याच गोलरेषेबाहेर गेला, म्हणून मैदानाच्या कोपऱ्यातून तो मारण्याची संधी आमच्याकडे आली. चेंडू हवेतून वळत आला आणि आमच्या एका मुलाने डोक्याने गोल केला. एकच जल्लोष झाला! मात्र त्याच क्षणी आमचा दुसरा एक सडपातळ मुलगा भलतीकडेच धावत सुटलेला मी ओझरता पाहिला होता. सामना संपल्यावर सर्वांदेखत मी त्याला विचारले, "चेंडू एकीकडे आणि तू दुसरीकडे काय करीत होतास?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, त्यांचा उंच गडी माझ्यामागून आला."

मला ती सबब वाटली. पुढच्या सामन्यात मी त्याला बाहेर बसविले.

या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. अलीकडे इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबाच्या एका प्रयोगाविषयी वाचले आणि तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. गूगल डीपमाइंड या संस्थेने त्या क्लबाच्या साहाय्याने 'टॅक्टिकएआय' नावाची संगणकप्रणाली तयार केली. तिचा वृत्तान्त २०२४ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील ७,१७६ कॉर्नर तिच्या अभ्यासासाठी घेतले होते.

तिच्या गाभ्याशी आहे कृत्रिम चेताजाल. आपल्या मेंदूतील चेतापेशींवरून हे नाव पडले; पण आत असतात केवळ आकडे. चेंडू प्रथम कोणाकडे जाईल, याचा जाल अंदाज करते. तो प्रत्यक्षाशी ताडून पाहिला जातो. चुकला, तर आतील आकडे किंचित बदलतात आणि पुन्हा नवा अंदाज. मुलांनो, चुकत चुकत पाढे पाठ करणे तुम्हांला काही नवे नाही!

मला विशेष नवल वाटले ते पुढेच. या जालाच्या लेखी बावीस खेळगडी म्हणजे बावीस बिंदू, आणि प्रत्येक बिंदूपासून इतर एकवीस बिंदूंकडे जाणाऱ्या रेघा. प्रत्येक बिंदूपाशी त्या गड्याची जागा, धावण्याची दिशा व वेग, उंची आणि वजन यांची नोंद. कोणाही एकाचा हिशेब इतर सर्वांकडे पाहूनच मांडावयाचा. एक जण दोन हात सरकला, की बाकीच्यांचेही हिशेब हलतात. 'अमुक गडी तेथे उभा राहिला असता तर?' असेही या प्रणालीला विचारता येते आणि ती नवी मांडणी सुचविते. क्लबाच्या पाच जाणकारांनी प्रत्यक्षातील मांडणीपेक्षा तिची सूचना ९० टक्के वेळा अधिक पसंत केली. अर्थात ती मैदानावर उतरवावी की नाही, हे प्रशिक्षकानेच ठरवावयाचे.

हे वाचून झाल्यावर वही घेऊन मी आमचा तो जुना कॉर्नर काढावयास बसलो. गोल करणाऱ्याचा बिंदू चटकन पडला. चेंडूची वाटही आखली गेली. मग त्या सडपातळ मुलाचा बिंदू मांडला. त्याच्यामागून गेलेला उंच गडी मांडला. त्या दोघांनी सोडलेली जागा कागदावर कोरी दिसू लागली. चेंडू नेमका तेथेच आला होता.

तो मुलगा आता पंचेचाळिशीच्या घरात असेल. त्याच्या वर्गातल्या एक-दोघांकडे मी त्याचा पत्ता विचारला आहे. वहीतले ते पान फाडून पाकिटात घालून ठेवले आहे.