दोन शिंजीर

माझ्या दारच्या जास्वंदीवरील पाखरू पाहून कचेरीतील एका स्नेह्याने मोठ्या अधिकाराने ‘हमिंगबर्ड’ असा निकाल दिला, तेव्हा तो मला फिरवावा लागला. हमिंगबर्ड केवळ अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आढळतात. फुलासमोर हवेत स्थिर राहून ते मध पितात. आपला शिंजीर बहुधा डहाळीवर बसून, मान वाकवून पितो. चोच दोघांचीही सुईसारखी, एवढ्यावरून नाते लावता येत नाही.

केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्याला वर्गवारीचा नाद जडतोच. हैदराबादला बदली झाल्यापासून या जास्वंदीवर मी दोन जातींचे शिंजीर पाहतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर ओळखण्यास सोपा. त्याचा माथा चमकदार हिरवा, छातीवर तांबूस-तपकिरी पट्टा आणि खाली स्वच्छ पिवळे पोट. हा पोशाख त्याच्या अंगावर बारा महिने असतो. दुसरा जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत त्याचा नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो, आणि ऊन पडताच निळ्या-जांभळ्या तेजाने झळाळतो. माद्यांपाशी मात्र गोंधळ होतो, कारण दोघीही मातकट पाठीच्या आणि पिवळ्या पोटाच्या. गळा पाहावा: पहिलीचा फिकट पांढुरका, दुसरीचा पोटासारखाच पिवळसर.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता काळा नर दिसेनासा झाला. “तो गेला,” असे मी मुलीला सांगितले. शेजारी आबा बसले होते. ते म्हणाले, “गेला नाही रे. हा काय बसलाय! कोट उतरवलाय त्याने.” त्यांनी दाखविलेले पाखरू मळकट पिवळे, मादीसारखेच होते. “आबा, तुम्हांला हल्ली नीट दिसत नाही,” असे मी सर्वांदेखत बोलून गेलो. आबा गप्प राहिले.

रात्री सलीम अलींचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक काढले. वीण संपली की जांभळ्या शिंजिराचा नर आपला काळा पिसारा टाकून मादीसारखा दिसू लागतो. हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. सकाळी पाहिले, तर ती रेघ होती. पंखही मादीपेक्षा गडद होते.

आबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. काळ्या कोटातले आबा फलाटावर उतरले, की लहानपणी माझी छाती फुगत असे. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहावयास आले, आणि कोपऱ्यातील खुर्चीवरच्या, धोतर-बंडी घातलेल्या त्या म्हाताऱ्याला त्याचे मत विचारण्याची माझी सवय केव्हा मोडली, ते मला कळलेही नाही. विजेचे बिल हाती आले, की आबा अजून ते उजेडाकडे धरतात, तारीख पाहतात, उलटून मागची बाजू तपासतात आणि मगच माझ्या हाती देतात. हे मी रोज पाहत होतो.

“आबा, पाखरू तेच आहे. माझेच चुकले,” मी म्हणालो.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “कपड्यांवरून उतारू ओळखायचा नसतो,” ते म्हणाले, “एवढे नोकरीने शिकवले मला. बैस, चहा घे.”