शेपू, पास्ता आणि केटी

बऱ्याच विकांतांनी आज लिहायला बसलोय. फ्रीजमध्ये पास्ता सॅलड गार होतंय आणि त्याला अजून चार तास तरी हात लावायचा नाही, म्हणजे वेळच वेळ आहे. ज्यांना फक्त पाकृ हवी आहे त्यांनी मधलं सोडून सरळ खाली जावं, मी रागावणार नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

तर सुरुवात शेपूपासून.

शेपूशी माझं लहानपणापासून वैर. आई मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून करायची, आणि त्या दिवशी शाळेतून येताना वास जिन्यातच गाठायचा. मी दप्तर टाकून थेट शेजारच्या काकूंकडे जेवायला. मोठा झाल्यावर कळलं की तान्ह्या बाळाला पाजतात त्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूच्याच बियांचं तेल असतं. म्हणजे मला कळायच्याही आधीपासून ही बया माझ्या मागे लागलेली. इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेलो तेव्हा घर सुटल्याचं दुःख होतं, पण शेपू सुटल्याचा आनंदही होता. खोटं कशाला बोलू?

आता तिथून उडी मारून अमेरिकेत. 2022 च्या ऑक्टोबरात कंपनीने मला विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला ऑनसाइट पाठवलं. मिशिगन सरोवराच्या काठावरचं शहर, थंडी अशी की पहिल्या आठवड्यातच आपण कोण, कुठले, इथे का आलो हे सगळे प्रश्न पडावेत. क्लायंटच्या हापिसात एक जुनी सिस्टीम होती. मेनफ्रेम, कोबोल, रात्रभर चालणारे बॅच जॉब. आणि ती सांभाळणारी एक बाई होती. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, टेबलावर नातवाचा फोटो. आम्ही भारतीय पोरं आपापसात त्यांना 'काकू' म्हणायचो. तोंडावर अर्थातच पहिल्या नावाने, कारण तिथे तीच रीत. पण इथे मी काकूच लिहिणार.

काकू 1996 पासून तिथे होत्या. 2023 च्या मार्चमध्ये त्यांना सांगण्यात आलं की त्यांचं काम पुण्याच्या टीमकडे जाणार आहे. बारा आठवड्यांची केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर. ती नीट पुरी केली तरच जाताना मिळायचे ते पैसे मिळणार. आणि केटी घेणारा कोण? तर अस्मादिक.

आयटीत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. केटी म्हणजे जाणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. जाणारा स्वतःहून जात असेल तर ठीक. त्याला घालवलेलं असेल आणि घालवण्याचं कारण तुम्हीच असाल, तर ती खुर्ची फार टोचते. मी पहिल्या दिवशी 'सॉरी' म्हणायचं ठरवून गेलो होतो. काकूंनी मला बघितलं, खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "बस. तू काही केलेलं नाहीस. पण नीट लिहून घे, मला दोनदा सांगायचा कंटाळा आहे."

(इंग्रजीत सगळ्यांनाच 'यू'. पण त्यांचा 'यू' मला कायम 'तू' असाच ऐकू यायचा.)

मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या आधीच्या शुक्रवारी, हापिसात पॉटलक होतं. पॉटलक म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. मी दुकानातून चिप्स आणल्या होत्या (हसू नका, बॅचलर आहे). टेबलभर ब्राटवर्स्ट वगैरे मंडळी, आणि माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला कोपऱ्यातला एक मोठा काचेचा वाडगा. शिंपल्यांच्या आकाराचा पास्ता, पांढरं काहीतरी, हिरवे-पिवळे तुकडे. अंडं, म्हणजे केकमधलं आणि मेयोनीजमधलं, मला चालतं. घास घेतला. थंडगार, मऊ, आधी दुधट आणि मग एकदम आंबट-खारट. दहीभात आणि काकडीची कोशिंबीर यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. दुसरा वाडगा भरून घेतला. आणि तिसऱ्या घासाला मेंदूत काहीतरी हललं. हा वास... हा वास मी ओळखतो!

"यात काय आहे?"

"डिल," काकू म्हणाल्या, आणि हिरवी बारीक केसांसारखी काडी दाखवली.

शेपू! सात समुद्र ओलांडून आलो, ते हिच्या तावडीत सापडायला. आणि वर दोन वाडगे खाऊन झाले होते. मी काकूंना शेपूची सगळी कहाणी सांगितली, ग्राइप वॉटरसकट. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या बारा आठवड्यांत त्यांना इतकं हसताना मी एकदाच पाहिलं.

मग पिकलवर व्याख्यान झालं. आपलं लोणचं म्हणजे तेल, मोहरी, मेथी, हळद, तिखट. इथलं पिकल म्हणजे अख्खी काकडी, एकतर व्हिनेगरमध्ये बुडवलेली, नाहीतर नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेली. सोबत लसूण, मिरी, मोहरीचे दाणे आणि शेपूचे तुरे. काकूंचा आग्रह असा की दुकानात फ्रीजमध्ये ठेवलेली बरणीच घ्यायची. कपाटातल्या बरण्या टिकाव्यात म्हणून गरम केलेल्या असतात, त्यात काकडी मऊ पडते. फ्रीजमधली कुरकुरीत राहते. आणि बरणीतलं पाणी ओतून देणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "अर्धी चव त्या पाण्यातच असते."

त्या शनिवारी दुकानात पिकलच्या फळीसमोर उभा राहिलो. एक लहानशी बरणी सहज उलटी करून पाहिली, तर 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. आपल्याकडे कर्नाटक, तमिळनाडूत घेरकिन नावाच्या छोट्या काकड्या पिकवतात आणि बरण्या, पिंपं भरून जगभर पाठवतात. म्हणजे काकडीसुद्धा ऑनसाइट आली होती! हसू आलं खरं, पण बरणी परत फळीवर ठेवली. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

16 जून 2023 हा काकूंचा शेवटचा दिवस. केक, फुगे, 'टच'मध्ये राहा, सगळे उपचार झाले. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक, 140 पानांचं केटी डॉक्युमेंट, जे आम्ही दोघांनी मिळून लिहिलं होतं. दुसरी, डाग पडलेल्या कार्डावर हाताने लिहिलेली सॅलडची पाकृ. मी त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेलो. खोकं मी उचललं होतं. त्यात नातवाचा फोटो वर होता.

त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, 30 जूनच्या रात्री, बॅच आपटली. रात्री एकला पुण्याहून फोन. तिथे शनिवार सकाळचे साडेअकरा. एस-झीरो-सी-सेव्हन, म्हणजे जिथे आकडा असायला हवा तिथे भलतंच काहीतरी आलंय. 140 पानं उलटसुलट वाचली, कुठेही काही नाही. मॅनेजर कॉलवर म्हणाला, "अरे, तिला फोन लाव की. दोन मिनिटांत सांगेल."

नंबर होता माझ्याकडे. फोन हातात घेतलाही. पण जिची खुर्ची आपण घेतली तिलाच अर्ध्या रात्री उठवून विचारायचं, की तुमचं काम कसं करायचं ते जरा सांगता का? नाही झालं माझ्याच्याने. मॅनेजरला म्हणालो, उचलत नाहीये. साफ खोटं.

पहाटे सव्वाचारला सापडलं. प्रोग्रॅमच्या पोटात, 1999 सालची, काकूंच्या आद्याक्षरांसकट तीन ओळींची टीप. तिमाहीच्या शेवटी एका जुन्या फाइलमध्ये काही तारखा रिकाम्या येतात, म्हणून त्या रात्री आधी साफसफाईचा छोटा जॉब हाताने चालवावा. काकू दर तिमाहीला तो चालवत होत्या, आणि त्याबद्दल कोणाला कधी कळायची वेळच आली नव्हती. केटीत एकच तिमाही आली, 31 मार्चची, आणि त्या आठवड्यात मी अजून पासवर्ड मिळायची वाट बघत होतो. जॉब चालवला, बॅच धावली, मी तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपलो.

14 जुलैला पुन्हा पॉटलक. म्हटलं, यावेळी चिप्स नाहीत. गुरुवारी रात्री कार्ड समोर ठेवून शब्दन् शब्द पाळला. पास्ता, पिकल, चेडरचे तुकडे, कांदा, शेपू (हो, मी! स्वतःच्या पैशाने शेपू आणला!), सगळं ड्रेसिंग ओतून, कालवून, झाकून फ्रीजमध्ये. सकाळी झाकण काढलं तर... कोरडा ठाक गोळा. पास्त्याने रात्रीत सगळं पिऊन टाकलेलं, आणि वर पास्ता चिवट. चव म्हणाल तर शेपू सोडून काही लागेना.

आणि गंमत बघा. बॅचसाठी जो फोन लावला नाही, तो पास्त्यासाठी सकाळी सातला लावला.

काकू आधी हसल्या. मग म्हणाल्या, "निम्मं ड्रेसिंग बाजूला ठेवायचं असतं रे. वाढायच्या आधी घालायचं. कार्डावर नाही का? नसेल. मला लिहावंसंच वाटलं नाही, हात आपोआप करतो ते." आता थोडं सावर क्रीम आणि बरणीतलं पाणी घालून कालव, निभावून जाईल, असंही सांगितलं.

मी थँक्यू म्हणून ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "क्वार्टर-एंड कसं झालं?"

'छान झालं' हे शब्द तोंडात आले होते. "आपटलं," मी म्हणालो.

"तारखा?"

"हो."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "तेही लिहायचं राहिलं. मुद्दाम नाही ठेवलं बरं का."

माझ्या मनात तसं एकदाही आलं नव्हतं, आणि मी ते सांगायला हवं होतं. पण घसा असा दाटला की 'आय नो' एवढंच म्हटलं. त्यांना ते कसं ऐकू गेलं कोण जाणे. त्यांना नवीन नोकरी मिळाली का, हे विचारायचंही धैर्य झालं नाही. ते त्यांनीच नंतर कधीतरी मेलमधून कळवलं. एका शाळेत अर्धवेळ हिशेबाचं काम. पगार किती ते मी विचारलं नाही.

दुपारी सॅलड संपलं. अकाउंट्समधली एक बाई दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, "हे तिचंच ना?" मी हो म्हणालो.

असो. फार लांबलं. आता पाकृ, यावेळी कार्डावर नसलेल्या गोष्टींसकट.

साहित्य: लहान शिंपल्यांचा पास्ता 450 ग्रॅम, बारीक चिरलेलं डिल पिकल दीड कप, बरणीतलं पाणी पाऊण कप, मेयोनीज 1 कप, सावर क्रीम अर्धा कप, चेडर चीजचे छोटे तुकडे 1 कप, अगदी बारीक चिरलेला पांढरा कांदा पाव कप, चिरलेला शेपू 3 मोठे चमचे, मिरपूड, चिमूटभर तिखट. मीठ शेवटी, चव बघूनच, कारण पिकल आणि चीज दोन्ही खारट. भारतात करणार असाल तर सावर क्रीमऐवजी चक्का थोड्या सायीत फेटून घ्या आणि व्हिनेगरमधल्या घेरकिनची बरणी आणा. गोड घेरकिन नको.

कृती: पास्ता मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवा. गार झाल्यावर तो आवळतो, फ्रीजमधला कालचा भात टणक होतो तसाच. निथळून गार पाण्याखाली धरा. एरवी पास्ता धुणं हे पाप, पण इथे शिजणं थांबवायचं आहे आणि वरचा चिकटपणाही घालवायचा आहे. पूर्ण गार होण्याआधी, कोमट असतानाच त्यावर बरणीतलं अर्धा कप पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, म्हणजे आंबटपणा आत मुरतो. उरलं असेल ते पाणी ओतून टाका. मेयोनीज, सावर क्रीम, बाकीचं पाव कप पाणी, मिरपूड, तिखट फेटून ड्रेसिंग करा. चव जरा जास्तच आंबट-खारट वाटली पाहिजे, कारण थंड पदार्थाची चव जिभेला फिकी लागते. निम्म्या ड्रेसिंगमध्ये सगळं कालवा. निम्मं बाजूला ठेवा. झाकून किमान चार तास फ्रीजमध्ये. वाढताना उरलेलं ड्रेसिंग घाला. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर तासभरच.

कार्डाच्या मागच्या बाजूला हे सगळं मी आता लिहून ठेवलंय. केटी डॉक्युमेंट 141 पानांचं झालंय.

आईला फोनवर सांगितलं की मी शेपू खातो, आणि विकतही आणतो. ती थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "कुठल्या बाईने खाऊ घातला रे तुला?"

चला, चार तास होत आले. उरलेलं ड्रेसिंग घालायला उठतो.