काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाच्या भूमीचे दोन भाग मानीत आले आहेत. जिच्यात पीक येते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात वैशाखातील भर दुपारी या दोहोंतील भेद डोळ्यांच्या आधी तळपायांना कळतो. शाळू निघालेल्या काळ्या रानातून अनवाणी येणारा गुराखी ढेकळांवरून उड्या मारीतच बांध गाठतो. गावठाणाच्या फिकट मातीवर आला म्हणजे त्याची चाल संथ होते. सूर्य तोच, ऊनही तेच; मग चटका कमीअधिक का?

भूमीवर पडलेले सगळेच ऊन तिच्यात मुरत नाही. काही परत फेकले जाते. उरलेले शोषले जाऊन त्याची उष्णता बनते. काळी माती शंभरातील जेमतेम दहा भाग परतविते. फिकट माती याहून अधिक परतविते. चुना दिलेली भिंत काळ्या दगडी भिंतीहून कमी तापते, तीही याच कारणाने.

या जिल्ह्यातील कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. परंतु तेथेही हिम पडत नाही. हिमाची पांढरी पाहावयाची तर मनाने दूर उत्तरेस, सायबेरियात किंवा कॅनडात जावे लागेल. ताजे हिम शंभरातील ऐंशी किंवा त्याहूनही अधिक भाग ऊन आल्या वाटेने परत पाठविते. त्यामुळे सूर्य डोक्यावर असूनही माळ गारठलेलाच राहतो. जेथे सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आहेत तेथे मात्र निराळा प्रकार. त्यांच्या उतरत्या फांद्यांवरून हिम घसरून पडते आणि खालच्या शुभ्र भूमीवर गर्द हिरवे छत पसरलेले राहते. हे छत बहुतेक ऊन पिऊन टाकते व भोवतालची हवा उबदार करते. ती अरण्ये तोडली तर तो प्रदेश अधिक थंड होईल, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे.

मग नगरच्या उघड्या डोंगरांवर झाडे लावणे म्हणजे उन्हाळा वाढविणेच नव्हे काय?

नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे डोंगर एके काळी असेच बोडके होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे ग्रामस्थांनी उतारांवर चर खणले, रोपे लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. वाळलेल्या पिवळ्या गवतापेक्षा गर्द झाडी अधिक ऊन शोषते, हे खरेच; केवळ रंगावर जावे तर डोंगर अधिक तापावयास हवा. पण झाड मुळांनी पाणी ओढते व पानांवाटे त्याची वाफ करून सोडते. एक लिटर पाणी उकळीला आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सात पट उष्णता तेच पाणी वाफ होऊन जाताना घेऊन जाते. रंगाने मिळविलेले पाणी असे खर्चून टाकते. उत्तरेकडे हिवाळ्यात मुळांभोवतीचे पाणीच गोठलेले असते. तेथील झाड हा खर्च करणार कशाने?

इकडेही जमिनीतील ओल सरली की झाड हतबल होते. कित्येक झाडे तर उन्हाळ्यापूर्वीच पाने गाळून बसतात. हिवरे बाजारने झाडे लावतानाच पावसाचे पाणीही चरांत अडविले, ते किती शहाणपणाचे होते!

वळवाची सर येऊन गेली म्हणजे काळे रान अधिकच काळे दिसू लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन पडते. रंगाच्या हिशेबाने त्या दिवशी चटका वाढावयास हवा. गुराखी मात्र त्याच रानातून, पायांना ओली माती लागत असता, रमतगमत घरी येतो.