डबेवालीची मुलगी आणि रक्ताची गोष्ट

आमच्या काही सहकाऱ्यांचं म्हणणं असं की, वस्तीतल्या मुलींनी ही जपानी कार्टून बघूच नयेत. नटणं, नाचणं, टाळ्या मिळवणं, यातून कसली चळवळ घडणार? आम्हाला हा आक्षेप चुकीच्या जागी घेतलेला वाटतो. अभ्यासिकेतल्या मुली मोबाईलवर 'आयकात्सु' बघतात, म्हणून आम्हीही ते बघितलं.

ऑक्टोबर 2012 मध्ये ही मालिका टीव्ही टोकियोवर सुरू झाली. नायिका इचिगो होशिमिया. तिच्या घरचं दुकान बेंटोचं, म्हणजे जेवणाचे डबे करून विकण्याचं. मिझुकी कान्झाकी या आघाडीच्या गायिकेचा कार्यक्रम बघून ती भारावते आणि मैत्रीण आओईसोबत स्टारलाइट अकादमीत दाखल होते. मग रियाज, धावणं, पडणं, पुन्हा उभं राहणं. नाताळसाठी झाड हवं, तर ही पोरगी कुऱ्हाड घेऊन स्वतः झाड तोडते! मुलींना ती आवडते ती यासाठी. इथे राजकुमाराची वाट बघणं नाही, मुलीच मुलींना हात देतात.

बाजार आहेच. बांदाई कंपनीच्या यंत्रात 100 येन टाकायचे, खेळायचं आणि पोशाखाचं कार्ड घ्यायचं, त्या खेळाची ही मालिका. तेवढ्यापुरतं सहकाऱ्यांचं बरोबर.

पण खरा घोळ पुढे आहे. डबे भरणारी इचिगोची आई रिंगो ही एकेकाळच्या 'मास्करेड' या गाजलेल्या जोडीतली निघते. दुसरी कोण, तर अकादमीची मुख्याध्यापिकाच! म्हणजे डबेवालीची पोर शिखरावर गेली खरी, पण लेखकांनी तारा आधीच तिच्या रक्तात ठेवला होता. महाभारतातला कर्ण आठवा. सूतपुत्राचा पराक्रम पचत नाही, म्हणून तो जन्माने क्षत्रिय निघावा लागतो.

कोणी म्हणेल, इचिगोला हे कुठे ठाऊक होतं? मेहनत तिचीच. मान्य. कर्णालाही ठाऊक नव्हतं. आमचा प्रश्न लेखकांना आहे: नुसती मेहनत तुम्हाला पुरेशी का वाटली नाही? घरातून आयतं मिळालेलं वळण 'गुणवत्ता' म्हणून कसं खपतं, हे बोर्द्यू या समाजशास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या शिक्षणावरून दाखवलं. आपल्याला ते आरक्षणावरच्या प्रत्येक भांडणात ऐकावं लागतं.

2014 मध्ये नायिका बदलते. अकारी ओझोराच्या मागे असा कोणताही वारसा नाही. 'स्पेशल अपील' ही मंचावरची खास करामत तिला जमतच नाही, सराव करूनही ती पुन्हा पुन्हा आपटते. आमच्याकडे एक मुलगी तिला 'ढ' म्हणाली. त्यावर दुसरी, जिची आई चार घरची धुणीभांडी करते, पटकन म्हणाली, "तिला घरी कोण शिकवणार होतं?" अर्धा तास वाद चालला. आम्ही मध्ये पडलो नाही.

एवढा वाद जी मालिका घडवते ती बंद करायची? आम्ही करणार नाही. सध्या मुली स्वतःच एक भाग लिहिताहेत. त्यात रिंगो शेवटपर्यंत डबेवालीच राहणार आहे. अकादमीची फी कोण भरणार, इथे त्यांचं घोडं अडलंय. एकीने शिष्यवृत्ती सुचवली, तर बाकीच्या म्हणाल्या, ती वर्ष संपल्यावर येते!