कोनाड्यातली अंडी

मे महिन्याच्या सुटीत पातूरचे घर बंद करून आम्ही मुंबईला खालाकडे निघालो होतो. आवराआवरीत कोनाड्यातली पुस्तके काढली, तर मागे पालीची दोन पांढरी अंडी.

“झाडू लाओ,” अम्मी म्हणाली. पाल मारली की सवाब, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. आपा माहेरी आलेली होती. त्या हिवाळ्यात सातव्या महिन्यात तिचे मूल गेले होते. “रहने दो, अम्मी,” एवढेच ती बोलली. अम्मीने झाडू परत ठेवला.

आम्ही अंडी कापसात गुंडाळून सोबत नेणार होतो. शेजारचे गुरुजी म्हणाले, हलवू नका. अंडे उलटले तर आतला जीव मरू शकतो. पाल काही उबवत बसत नाही, अंडी घालून निघून जाते. ऊब हवेची, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात तिची काय कमी! घोरपड पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा. पालीला मात्र कुणी पाळत नाही, तीच आपल्या घरात आपल्याला सांभाळून घेते.

चावी काकूंकडे दिली. “माय वं! पालीचे अंडे राखाले सांगता मले?” त्या हसल्या. पाल चुकचुकली तरी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणणारी बाई. पण रोज झाडांना पाणी घालताना कोनाड्यात डोकावत राहिली. आपा एक दिवसाआड फोन करी.

जूनमध्ये परतलो. एक कवच फुटून रिकामे झालेले, दुसरे जसेच्या तसे. आपाने त्याला हात लावू दिला नाही. पुस्तके आम्ही कपाटात लावली.